ग्वाल्हेरला गोल दिसेना

उज्जैनच्या मराठी समाजात मंदार पागेच्या लग्नाचा विषय कधीच बंद झाला होता. कुणी ठरवून बंद केला नव्हता. आईच्या आजारपणात वर्षं गेली, मग आई गेली, आणि तोवर मंदारची चाळिशी उलटली. पुढे एक दिवस लोकांच्या लक्षात आलं, की वधू-वर परिचय मेळाव्यात लॅपटॉप सांभाळायला याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही. झालं. दरवर्षी मंच सजायचा, मुलं-मुली एकेक करून पडद्यावर यायची, आणि हा कोपऱ्यातल्या टेबलाशी वायरींच्या गुंत्यात बसून लोकांची लग्नं पुढे सरकवायचा. स्लाइड सरकवणाऱ्याला स्लाइडवर घ्यावं असं कुणाला सुचलं नाही, आणि यानेही तोंड उघडून कधी सांगितलं नाही. तोंड उघडणं त्याला जमायचंच नाही. माधव नगरातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो शिकवायचा तेसुद्धा अर्धा वेळ पोरांकडे पाठ करून, पडद्याशी बोलल्यासारखा.

मेळाव्याची एक जुनी रीत होती. दोन्ही घरं बोलणी पुढे न्यायला तयार झाली, की अध्यक्ष मंचावरून तसं जाहीर करायचे आणि फलकावर त्या दोघांच्या नावांभोवती कुंकवाचा गोल काढायचे. पुढे फलक गेला, प्रोजेक्टर आला, आणि गोलाचं अडलं. मागच्या वर्षी अध्यक्ष सुधाकरकाकांनी सरळ प्रोजेक्टरच्या पडद्यालाच कुंकवाचं बोट लावलं. पडदा टेंटवाल्याचा. त्याने भर मंचावर जो तमाशा केला, त्यात वधू-वर दोघंही बाजूला राहिले. वर आणखी एक नामुष्की झाली. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी व्हिडिओ कॉल लावला होता, त्यात लॅपटॉपची सगळी स्क्रीन दिसत होती, काकांचं व्हॉट्सॲप त्यावर उघडं राहिलेलं, आणि एका मुलीच्या फोटोवर नेमका त्यांच्या घरून आलेला निरोप झळकला: येताना दोडके आणा.

म्हणून या खेपेला काकांनी मंदारला महिनाभर आधीच पकडलं.

"काही तरी असं शोध, की चालू पडद्यावर वरच्यावर गोल काढता आला पाहिजे. आणि लॅपटॉप हँग नाही झाला पाहिजे, समजलं ना? मागच्या साली नाक कटून गेली आपली."

"बघतो काका."

"आणि ते दोडके पुन्हा नको."

समाजाचा लॅपटॉप कुणीतरी नवीन घेतल्यावर दान केलेला. उघडायला लावला की तेवढ्या वेळात टॉवर चौकातून चहा पिऊन परत येता यायचं. त्याच्यावर चालेल असं हलकं काही शोधायचं, म्हणून मंदार क्लास आटोपल्यावर फ्रीगंजातल्या समाजाच्या हॉलवर जाऊन बसू लागला. आणि तिथेच अपर्णा यायची.

अपर्णा नानाखेड्याला राहायची, शाळेत शिकवायची, आणि यंदा मेळाव्याचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. नवरा काही वर्षांपूर्वी देवास रस्त्यावर अपघातात गेला. ती सासू-सासऱ्यांकडेच राहिली, मुलगी ईरा पहिलीत होती. समाजात सगळ्याच बायकांना ताई म्हणायची पद्धत. अध्यक्षांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला अपर्णाताई म्हणायचे. मंदारने मात्र एकदाही म्हटलं नाही. तो 'तुम्ही' वर भागवायचा, आणि हाक मारायची वेळ आली तर खोकायचा. समाजातल्या एकाही बाईच्या हे लक्षात येऊ नये याचं नवल वाटतं. एरवी कुणाच्या डब्यात काय भाजी आहे हे त्यांना दारातून कळतं.

ती यायची निवेदनाचे कागद घेऊन, ते वाचून दाखवायला, आणि बसायची टूल बघत. पहिलं टूल मोठं देखणं होतं. गोल काढा, बाण काढा, आजूबाजूला अंधार करून एकाच चेहऱ्यावर उजेड पाडा, जमलं तर वरून फुलं उधळा. त्याने फुलं उधळायला घेतली आणि लॅपटॉपने जीव सोडला.

"लग्नाआधीच फुलं उधळायला गेले," अपर्णा म्हणाली.

दुसरं हलकं होतं, पण फुकटात वापरलं म्हणून प्रत्येक स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'ट्रायल' असं उमटवायचं. उपवर मुलीच्या कपाळावर ट्रायल. ती दोघं पोट धरून हसली, आणि मंदार इतक्या मोठ्याने हसू शकतो हे त्यालाच नव्याने कळलं. तिसरं अगदी चिमुकलं निघालं. एका फोटोपेक्षाही कमी जागा घ्यायचं. बसवायची भानगड नाही, पेन ड्राइव्हवरून चालायचं. एक कळ दाबली की माउस म्हणजे पेन, हवं ते काढा. एस्केप दाबलं की सगळं साफ. त्यात जतन करायची सोयच नव्हती.

"म्हणजे खालच्या स्लाइडला काहीच होत नाही?" तिने विचारलं.

"काही नाही. वर एक काच ठेवल्यासारखं असतं. लिहायचं ते काचेवर."

"मला तर हेच पटलं. कुणाच्या फोटोला धक्का नाही." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या आयुष्याला तर लोक सरळ बोट लावून बघतात, की नवरा कसा गेला."

त्या संध्याकाळी मंदारने तिसरं टूल पक्कं केलं. ईरा एकदोनदा आईबरोबर आली, तेव्हा तिला माउस देऊन तो बाजूला व्हायचा. ती येणाऱ्या-जाणाऱ्या नवरदेवांना मिशा काढायची, आणि एस्केप दाबून त्यांना पुन्हा गुळगुळीत करायची.

मंदारचा अपर्णावर जीव जडला होता. हे आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. तो घरी जायचा तेव्हा आई गेल्यानंतरचं ते रिकामं घर त्याला पहिल्यांदाच रिकामं वाटायचं. सकाळी पोहे खाताना तो मनातल्या मनात तिच्याशी बोलायचा, आणि त्या बोलण्यात तर अजिबात अडखळायचा नाही. सुधाकरकाकांच्या कानावर घालावं, हाच खरा रस्ता होता. पण काकांना सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या फ्रीगंजात गेलं. ती नाही म्हणाली असती, तर त्याचं एक वेळ काही नाही, पण सासरी राहणाऱ्या विधवेला लोकांनी बोलून बोलून हैराण केलं असतं. म्हणून हा गप्प. विचार चांगलाच होता. आयुष्यभर याचे विचार चांगलेच असायचे.

मेळावा आठवड्यावर आला तेव्हा काकांनी त्याला राहिलेल्या स्लाइडसाठी फोटो पाठवले. पुनर्विवाहाच्या भागात शेवटचं नाव अपर्णाचं होतं.

"सासू-सासऱ्यांनीच दिलं नाव," काका फोनवर सांगत होते. "बोलले, आमच्यानंतर पोरीला कोण आहे? मोठं मन लागतं रे. फोटोपण सासूनेच निवडला. तू छान करून दे स्लाइड."

मंदारने छान करून दिली. निळसर साडीतला फोटो, ओठांच्या कडेला जरासं हसू. खाली नाव, गाव, नोकरी, मुलगी ईरा. अक्षरं सरळ रेषेत आहेत की नाही हे त्याने कितीदा पाहिलं असेल कोण जाणे. स्लाइड झाल्यावर तो तिच्यासमोर बसून राहिला.

रंगीत तालीम हॉलमध्येच व्हायची होती, पण ईराला ताप आला. अपर्णाचा फोन आला, व्हिडिओ कॉलवरच करू या का, मी घरूनच वाचते. संध्याकाळी ती नानाखेड्याला, हा समाजाचा लॅपटॉप घेऊन माधव नगरात, असे दोघं बसले. मंदारने दोडक्यांचा धडा घेतला होता. सगळी स्क्रीन दाखवायचीच नाही, फक्त स्लाइडची खिडकी तेवढी शेअर करायची, म्हणजे दुसरं काही मध्ये येणार नाही, असा नियमच त्याने केला होता. तसंच त्याने शेअर केलं.

ती वाचत गेली, हा स्लाइड पुढे करत गेला. शेवटी तिची स्वतःची आली.

"हिला मी काय वाचू?" ती म्हणाली. "हिला कुणी दुसऱ्याने वाचावं."

आणि गप्प झाली. तिचा माइक चालूच होता. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, ईरा खोकली. मंदारला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. तोंड उघडणं जमणार नव्हतं, पण हात मोकळे होते. त्याने कळ दाबली. माउसचं पेन झालं. तिच्या फोटोशेजारच्या रिकाम्या जागेत, लाल रंगात, पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत त्याने लिहिलं:

ही स्लाइड काढून टाकू का? मी आहे ना.

एवढं लिहायला त्याच्या आयुष्यातलं होतं नव्हतं ते सगळं बळ लागलं. लिहून तो थांबला. पलीकडे ती गप्प होती. तो पडद्याकडे बघत राहिला. तिच्या फोटोतलं हसू होतं तसंच होतं, आणि त्याशेजारी त्याची लाल अक्षरं होती. बराच वेळ गेला.

मग तिचा आवाज आला, अगदी हळू. "पुढे चला, मंदारजी."

बस्स. किती सभ्यपणे म्हणाली, असं त्याला वाटलं. ना राग, ना हसणं, ना अवघडलेली वाक्यं. त्याची अब्रू राखून ती पुढे निघून गेली होती. त्याने एस्केप दाबलं, अक्षरं गेली, आणि तो म्हणाला, "हो. यानंतर आभाराची स्लाइड आहे."

त्या रात्री तो जेवला नाही, आणि पुढचे काही दिवस क्लासमधल्या पोरांकडे त्याने पाठच करून ठेवली. पण तक्रार म्हणाल तर मनातसुद्धा नव्हती. विचारायचं ते आपण विचारलं, उत्तर मिळालं, असं तो स्वतःला समजावत राहिला. अपर्णाचा निवेदनातल्या एका ओळीबद्दल फोन आला, तेव्हा तो इतका शहाण्यासारखा, इतका कोरडा बोलला, की पलीकडे तीच गोंधळली असेल.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी हॉल गच्च भरला. पोहे, जिलेबी, अत्तर, नवीन साड्यांचा वास. टूलने अजिबात दगा दिला नाही. पहिली जोडी जुळली आणि मंदारने पडद्यावर कुंकवाच्या रंगाचा गोल काढला, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सुधाकरकाका तर असे फुलले होते, जणू टूल त्यांनीच बनवलं.

पुनर्विवाहाच्या भागात भोपाळहून प्रसाद म्हणून एक गृहस्थ आले होते. बँकेत नोकरी, बायको आजारात गेलेली, मूल नाही. साधा माणूस होता. खलनायक असता तर मंदारला सोपं गेलं असतं. दुपारच्या जेवणात दोन्ही घरं एकत्र बसली. प्रसादने ईराला तिच्या शाळेबद्दल विचारलं, आणि ती काय सांगतेय ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अपर्णाची सासू पदराने डोळे पुसत होती. प्रसादची आई ग्वाल्हेरला होती, खुब्याचं हाड मोडून पलंगाला खिळलेली. ती आणि तिचा नातू, प्रसादचा पुतण्या श्रेयस, असे दोघं सकाळपासून व्हिडिओ कॉलवर होते.

जेवणानंतर काकांनी माइक हातात घेतला. "सांगायला मला अतिशय आनंद होतो आहे," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं हॉलला आधीच कळलं.

अपर्णा मंचावर एका बाजूला उभी होती, मान खाली घालून. मंदारने तिची स्लाइड लावली. त्यातच तिच्याशेजारी प्रसादचा फोटो आणि नाव आणलं. त्याने कोपर टेबलावर घट्ट टेकवलं, कळ दाबली आणि दोन्ही नावांभोवती गोल काढला. बऱ्यापैकी गोल आला. हॉल टाळ्यांनी दणाणला. त्याला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात स्पीकरमधून म्हातारीचा आवाज आला. "अहो, गोल कुठे आहे?"

"काढला ना आजी," काका माइकवरून म्हणाले. "लालेलाल."

"नाही हो. इथे तर नुसते फोटो दिसून राहिले. श्रेयस, तुला दिसतो का रे? माझ्या प्रसादचा गोल मला दिसला नाही."

श्रेयसचा आवाज आला, कंटाळलेला, सहज. "आजी, त्यांनी फक्त विंडो शेअर केली आहे. वरून जे काढतात ते आपल्याला नाही दिसणार. सकाळपासून एकाचाही दिसला नाही. त्यांना सांग, पूर्ण स्क्रीन शेअर करा."

मंदारचा हात माउसवर होता तो तसाच राहिला.

हॉलमधल्या पडद्यावर गोल दिसत होता, कारण हॉलला त्याची स्क्रीन जशीच्या तशी दिसत होती. ग्वाल्हेरला खिडकीपुरतं दिसत होतं. खिडकीच्या वर ठेवलेली काच ग्वाल्हेरला जातच नव्हती. आणि त्या संध्याकाळी नानाखेड्यालाही गेली नव्हती. त्याने महिनाभर टूल तपासलं होतं. हँग होतं का, ट्रायल लिहितं का, गोल नीट येतो का, सगळं तपासलं होतं, पण आपल्याच बाजूला बसून. पलीकडे बसलेल्याला काय दिसतं, हे एकदाही बघितलं नव्हतं. तिने नकार दिलाच नव्हता. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मंदार," काका माइक बाजूला धरून कुजबुजले, "काय करून राहिला? आजी वाट पाहताहेत."

त्याने शेअर बंद केलं. पूर्ण स्क्रीन शेअर केली. एस्केप दाबून पहिला गोल पुसला, आणि दुसऱ्यांदा, सगळ्यांना दिसेल असा, अपर्णाच्या आणि प्रसादच्या नावाभोवती गोल काढला. दुसरा गोल पहिल्यापेक्षा चांगला आला.

"आता दिसला," म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली. "दिसला हो. सुखी राहा."

संध्याकाळी हॉल रिकामा होत होता. मंदार वायरी गुंडाळत बसला होता. अपर्णा ईराला घेऊन आली. बाहेर सासरे रिक्षा थांबवून उभे होते.

"मंदार सर, नवीन बाबांना एक मिशी काढू?" ईराने विचारलं.

त्याने प्रसादची स्लाइड लावून तिला माउस दिला. ती मन लावून मिशी काढत असताना अपर्णा टेबलाला टेकून उभी राहिली.

"एक विचारू, मंदारजी? आता तसं विचारायला हरकत नाही." ती हसायचा प्रयत्न करत होती. "त्या दिवशी तालमीला माझ्या स्लाइडवर तुम्ही खूप वेळ थांबला होतात. मला वाटलं, तुम्ही काही तरी बोलणार. मी पण थांबली होती. माइकसुद्धा बंद नाही केला, की न जाणो." मग तिने ईराच्या केसांवरून हात फिरवला. "मग म्हटलं, आपलंच काही तरी. चला पुढे."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेच वाक्य, जे त्याने लिहिलं होतं. पण दारात तिचे सासरे उभे होते, ज्यांनी आपल्या मुलाच्या बायकोला आज स्वतः उभं करून दुसऱ्याच्या घरी द्यायचं कबूल केलं होतं. ग्वाल्हेरला एक म्हातारी सुखाने रडत होती. सगळ्या समाजाने टाळ्या वाजवल्या होत्या. आता सांगणं म्हणजे चालत्या माणसाला मागून पदर धरून ओढणं. मंदारला ते करवलं नाही. बरोबर केलं की चूक, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर मला त्याचा अजून राग येतो.

"लॅपटॉप हँग झाला होता," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "पण ते टूल तर एकदम हलकं आहे ना. तुम्हीच तर बोलले होते."

"टूल हलकं आहे. लॅपटॉप जुना आहे."

"अच्छा," ती म्हणाली. "चला मग. ईरा, सरांना थँक यू म्हण." ईराने थँक यू म्हटलं, एस्केप दाबून मिशी पुसली, आणि दोघी गेल्या. रिक्षा वळून टॉवर चौकाच्या दिशेने गेल्याचा आवाज त्याला आला.

मग मंदारने एक काम केलं, जे त्याने महिनाभरापूर्वी करायला हवं होतं. त्याने आपल्या फोनवरून त्याच कॉलमध्ये पाहुणा म्हणून प्रवेश केला आणि फोन लॅपटॉपशेजारी उभा ठेवला. लॅपटॉपवर अपर्णाची स्लाइड लावली, खिडकी तेवढी शेअर केली, कळ दाबली, आणि त्या रिकाम्या जागेत तेच पुन्हा लिहिलं. ही स्लाइड काढून टाकू का? मी आहे ना. या वेळी अक्षर जरा बरं आलं.

मग तो फोनकडे बघत बसला. फोनवर निळसर साडीतला फोटो होता, ओठांच्या कडेला जरासं हसू होतं, नाव होतं, गाव होतं. शेजारची जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेकडे बघत ती तेवढा वेळ थांबली होती.

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. सुधाकरकाका एकेक पंखा बंद करत त्याच्या टेबलापर्यंत आले.

"अरे, झाला ना मेळावा. आता काय चेक करून राहिला?"

"काही नाही काका," मंदार म्हणाला. "झालं चेक करून." आणि त्याने एस्केप दाबलं.